‘खो’ : एका क्रीडाशब्दाचा अर्थविचार

क्रीडांगणावरून भाषेत आलेले शब्द मराठीत थोडे नाहीत. शह, मात, डाव, पेच, टोला, हुलकावणी, बाद हे शब्द आज अशांच्याही लेखणीतून सहज उतरतात, की ज्यांनी कधी बुद्धिबळाचा पट मांडलेला नाही किंवा आखाड्यातील माती अंगाला लावलेली नाही. मैदान सोडून गद्यात येताना या शब्दांनी आपला मूळ अर्थ फारसा टाकलेला दिसत नाही. पटावरील शह राजाला धोक्यात आणतो. राजकारणातील शहही प्रतिपक्षाला धोक्यातच आणतो. आखाड्यातला पेच अंग जखडतो. प्रसंगातला पेच बुद्धी जखडतो. रूपक असले तरी त्याची दिशा सरळ आहे.

‘खो’ हा शब्द मात्र या सामान्य नियमाला अपवाद आहे. मैदानावर खो म्हणजे साहाय्य. धावून थकलेला किंवा अडलेला गडी बसलेल्या गड्याला उठवतो आणि पाठलाग त्याच्या हाती देतो. उलट घरी, कचेरीत आणि वृत्तपत्रात खो म्हणजे विघ्न. ठरलेल्या कार्याला कोणी तरी ‘खो घालतो’ आणि ते कार्य थांबते. एकाच एकाक्षरी शब्दाने दोन ठिकाणी परस्परविरुद्ध अर्थ धारण करावेत आणि तो शब्द दोन्ही अर्थांनी वापरणाऱ्यास त्यात काहीच विसंगती जाणवू नये, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्यातच अलीकडे या शब्दाला तिसरा एक अर्थ चिकटला आहे आणि तो पहिल्या दोहोंनाही झाकू पाहत आहे. प्रस्तुत लेखात या तीन अर्थांचा परस्परसंबंध तपासून पाहण्याचा आमचा हेतू आहे. हा प्रश्न केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा नाही. भाषा पुढच्या पिढीकडे सोपवण्याचे काम ज्यांच्या शिरावर आहे, अशा अध्यापकांशी आणि साहित्यसंस्थांशी त्याचा निकटचा संबंध आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम अभिधा, म्हणजे शब्दाचा मुख्य अर्थ. तो समजण्यासाठी खेळाची रचना नेमकी ध्यानात घेतली पाहिजे. परंपरागत खो-खोत पाठलाग करणाऱ्या पक्षाचे नऊ गडी मैदानात असतात. त्यांपैकी आठ जण मधल्या पाटीवरील चौकोनांत बसतात आणि नववा पाठलाग करतो. बसणाऱ्यांची तोंडे एकाआड एक विरुद्ध दिशांना असतात. पळणाऱ्या पक्षाचे तीन गडी एका वेळी आत येतात. आता दोन्ही पक्षांवरील बंधने पाहा. पळणारा बसलेल्यांच्या मधून हवा तसा ये-जा करू शकतो. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत पोहोचल्यावाचून सोडता येत नाही. म्हणजे पळणाऱ्याने नुसती एक बाजू बदलली, तरी पाठलाग करणारा निरुपाय होतो. तो कितीही वेगवान असला तरी एकट्याच्या बळावर त्याला यश येणे कठीण. या निरुपायावर खेळाने जो उपाय योजला आहे, त्याचे नाव खो.

खो देण्याला चार अटी आहेत आणि या चारही अटी शब्दाच्या अर्थाचाच भाग आहेत, असे आमचे मत आहे. खो मागून दिला पाहिजे. तो देताना तळहाताचा स्पर्श आणि स्पष्ट, मोठ्या आवाजातील उच्चार ही दोन्ही एकाच क्षणी घडली पाहिजेत. खो मिळाल्यावाचून बसलेल्याने उठता कामा नये. आणि चौथी अट, जी पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही, ती म्हणजे खो देणाऱ्याने त्याच क्षणी रिकाम्या झालेल्या जागी बसले पाहिजे. यांपैकी एक जरी अट मोडली, तरी पंचाची शिट्टी वाजते.

या अटींवरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘खो’ हा शब्द कशाचे तरी नाव आहे, असे म्हणणे अपुरे आहे. ‘चेंडू’ हे वस्तूचे नाव आहे, ‘धाव’ हे क्रियेचे नाव आहे. पण खो हा उच्चारला की घडतो आणि न उच्चारला तर घडतच नाही. नुसता हात लावला तर खो होत नाही, नुसते ओरडले तरी होत नाही. शब्द आणि कृती यांचा असा अभेद व्यवहारात क्वचितच आढळतो. ‘दिले’ असे म्हणताच दान पुरे होते, ‘वचन देतो’ असे म्हणताच वचन दिले जाते, त्या जातीचा हा शब्द आहे. शाळेच्या मैदानावरील सात-आठ वर्षांचे मूल हा शब्द उच्चारते, तेव्हा ते एका परीने आपला अधिकार दुसऱ्यास अर्पण करीत असते.

आता व्यवहारातील प्रयोग घेऊ. ‘सगळी तयारी झाली होती, पावसाने सहलीला खो घातला.’ ‘मुलीचे लग्न जमत आले होते, मामांनी खो घातला.’ ‘ग्रंथालयाची इमारत उभी राहायची, पण जागेच्या वादाने खो घातला.’ अशी वाक्ये मराठी घरांत रोज बोलली जातात. यांत साहाय्याचा लवलेशही नाही. मग एकच शब्द दोन टोकांना कसा गेला?

याचे पहिले उत्तर क्रियापदात आहे. मैदानावर खो ‘देतात’, व्यवहारात खो ‘घालतात’. मराठीत ‘देणे’ आणि ‘घालणे’ या दोन क्रियापदांचे स्वभाव भिन्न आहेत. आपण हात देतो, आधार देतो, साद देतो, वाव देतो. घेणारा त्यात सहभागी असतो. ‘घालणे’ या क्रियापदाचा उपयोग अर्थात नेहमीच प्रतिकूल नाही. आपण जेवू घालतो, न्हाऊ घालतो, साकडेही घालतो. परंतु चालत्या गोष्टीच्या संदर्भात ते आले की त्याला विरोधाची धार चढते. मोडता घालणे, खोडा घालणे, खीळ घालणे, आडकाठी घालणे, हे सगळे एकाच कुळातले वाक्प्रचार आहेत. खो या कुळात शिरला तो क्रियापद बदलून शिरला.

चतुर्थीकडेही लक्ष द्यावे. ‘गड्याला खो दिला’ या वाक्यात चतुर्थी सचेतनाची आहे. ज्याला खो मिळाला तो आपला भिडू आहे. ‘लग्नाला खो घातला’ यात चतुर्थी कार्याची आहे. खो माणसाला देतात आणि कामाला घालतात. हा भेद इतका पक्का आहे, की ‘मी रामूला खो घातला’ हे वाक्य मराठी कानाला खटकते आणि ‘पावसाने सहलीला खो दिला’ हे तर त्याहून खटकते. व्याकरणाने राखलेली ही सीमा वापरणारे जाणून राखतात असे नाही, पण बहुधा राखतात.

मात्र क्रियापदाने काय बदलले हे कळले, तरी का बदलले हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी लक्षणेचा विचार केला पाहिजे. मम्मटाने काव्यप्रकाशात लक्षणेची तीन अंगे सांगितली आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. ‘लग्नाला खो घातला’ या वाक्यात मुख्यार्थाचा बाध उघड आहे. लग्न पाटीवर पाठ करून बसलेले नाही. रूढीही उघड आहे. प्रश्न संबंधाचा आहे. साहाय्य आणि विघ्न यांच्यामध्ये कोणता संबंध धरून ही लक्षणा चालते?

आमच्या मते हा संबंध पाहणाऱ्याच्या जागेत आहे. खो हा शब्द पाठलाग करणाऱ्यांचा आहे आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर तो साहाय्यच आहे. पण मैदानात आणखी एक माणूस असतो : पळणारा. त्याने एकाला चुकवलेले असते, मोकळी वाट पुढे दिसत असते, आणि इतक्यात ‘खो’ असा आवाज होतो. ज्या जागी निश्चल पाठ दिसत होती, तेथून ताज्या दमाचा गडी उठून समोर येतो. पळणाऱ्याच्या दृष्टीने खो म्हणजे वाट मोकळी झाली असे वाटत असतानाच आडवे आलेले संकट. व्यवहारातील ‘खो घालणे’ हे पळणाऱ्याच्या तोंडचे आहे. देणाऱ्याची भाषा ‘देणे’ ही झाली, भोगणाऱ्याची भाषा ‘घालणे’ ही झाली. शब्द तोच आणि घटनाही तीच. ज्याने ती भोगली त्याने तिला दुसरे क्रियापद जोडले. अशा रीतीने पाहिले म्हणजे दोन अर्थांतील विरोध मावळतो. ते एकाच घटनेचे दोन साक्षीदार ठरतात.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, की ‘खो घालणे’ हे मुळात ‘खोडा घालणे’ याचेच संक्षिप्त रूप असेल, त्याचा खेळाशी संबंध जोडण्याचे कारण काय? उच्चारसाम्य आहे हे खरे, आणि बोलणाऱ्याच्या मनात एका शब्दाने दुसऱ्याला बळ दिले असेल हेही शक्य आहे. तथापि दोहोंचे उपयोग ताडून पाहावेत. खोडा म्हणजे अपराध्याचे पाय अडकवण्याचे लाकडी साधन. त्यात अडकलेला माणूस जागचा हलत नाही. म्हणून खोडा दीर्घकाळ राहतो. ‘गेली दहा वर्षे या योजनेला खोडा बसला आहे’ हे वाक्य सहज जमते. खो मात्र क्षणिक आणि अकस्मात असतो. तो हालत्या, चालत्या, बहुधा पूर्ण होत आलेल्या गोष्टीलाच बसतो. ‘गेली दहा वर्षे खो बसला आहे’ हे वाक्य कोणी म्हणणार नाही. खो घालणारा बहुधा अनपेक्षित असतो; खोडा घालणारा पुष्कळदा आधीपासून ठाऊक असतो. हा भेद मैदानाशी तंतोतंत जुळतो. म्हणून या वाक्प्रचाराचे नाते खेळाशीच आहे, असा आमचा निष्कर्ष आहे. ‘खो खो हसणे’ यातील खो मात्र निव्वळ ध्वन्यनुकारी आहे आणि त्याचा या विचाराशी संबंध नाही.

येथवर शब्दाविषयी तक्रार करण्यासारखे काही नाही. भाषेने एका शब्दातून दोन अर्थ काढले, ते दोन क्रियापदांनी वेगळे राखले आणि दोन्ही अर्थ मैदानाशी प्रामाणिक राहिले. तक्रार आहे ती तिसऱ्या अर्थाबद्दल. एखादा नागरिक अर्ज घेऊन कचेरीत जातो. पहिल्या मेजावरचा त्याला दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा तिसऱ्याकडे, आणि तिसरा पुन्हा पहिल्याकडे. या प्रकाराला आज वृत्तपत्रांतून आणि भाषणांतून ‘खो-खो’ असे म्हणण्याचा परिपाठ पडला आहे. ‘दोन खात्यांच्या खो-खोमध्ये रस्ता रखडला’ असे मथळे वाचकांच्या परिचयाचे आहेत. वरवर पाहता उपमा चपखल वाटते. एकाने दुसऱ्याकडे काम दिले, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. पण खो देण्याच्या ज्या चार अटी आपण वर पाहिल्या, त्या येथे लावून पाहाव्यात.

मैदानावर खो मिळालेला गडी उठतो आणि धावतो. कचेरीत काम मिळालेला मनुष्य उठतही नाही. मैदानावर खो स्पष्ट आवाजात द्यावा लागतो आणि तो कोणी कोणाला दिला हे सर्वांस दिसते; कचेरीत काम कोणी कोणाकडे ढकलले हेच शोधून काढावे लागते. मैदानावर खो देणारा लगेच त्याच रांगेत बसतो आणि पुढल्या खोसाठी सिद्ध राहतो. कचेरीत काम ढकलणारा त्या कामातून कायमचा मोकळा होतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मैदानावरील नऊही जणांचे लक्ष्य एकच असते, ते म्हणजे पळणारा गडी बाद करणे. कचेरीतील या प्रकारात लक्ष्यच नसते, आणि पळतो तो बिचारा अर्जदार. थोडक्यात, खो-खोतील एकही अंग येथे नाही. लक्षणेला लागणारा मुख्यार्थाशी संबंध येथे तुटलेला आहे; उरले आहे ते केवळ बाह्य साम्य.

या प्रकाराला मराठीत नेमका शब्द नाही असेही नाही. ‘टोलवाटोलवी’ हा शब्द आहे आणि तोही खेळातलाच. टोलवणे म्हणजे आपल्याकडे आलेली वस्तू फटका मारून दूर पाठवणे. टोलवणाऱ्याला ती वस्तू नको असते. ती कोठे पडेल याची त्याला फिकीर नसते, फक्त आपल्याजवळून गेली म्हणजे झाले. कचेरीतल्या त्या व्यवहाराचे याहून यथार्थ वर्णन दुसरे कोणते असणार? ‘चालढकल’ आहे, ‘टाळाटाळ’ आहे. इतके शब्द हाताशी असताना खो-खो या शब्दाला राबवणे म्हणजे ज्या खेळाचा प्राणच सहकार्य आहे, त्याच्या नावावर असहकार्याचे खापर फोडणे होय. लेखकाने शब्द निवडताना केवळ वरचे साम्य पाहिले की असा अन्याय घडतो. एकदा हा अर्थ रूढ झाला, म्हणजे मुलाला ‘खो देणे’ हे शब्द ऐकताच अंग काढून घेणे आठवेल आणि मैदानावरचा उदार अर्थ त्याच्या भाषेतून नाहीसा होईल. शब्द जातो तेव्हा तो एकटा जात नाही. त्या शब्दाने जी वृत्ती ओळखता येत होती, तीही ओळखेनाशी होते.

दुसऱ्या बाजूला, जेथे हा शब्द वापरायला हवा, तेथे तो वापरला जात नाही, ही आमची दुसरी तक्रार. समारंभातील भाषणांत ‘नव्या पिढीच्या हाती मशाल देणे’ हा प्रयोग हटकून येतो. कोणी ‘बॅटन सोपवणे’ असेही म्हणतात. हे प्रयोग परक्या शर्यतींतून आलेले आहेत. ते परके आहेत म्हणून त्याज्य, असे आमचे म्हणणे नाही. पण त्यांत अभिप्रेत असलेला संबंध आमच्या संस्थांच्या स्थितीला लागू पडत नाही. टप्प्याटप्प्यांच्या शर्यतीत दांडका पुढच्याच्या हाती दिला, की देणाऱ्याची धाव तेथेच संपते आणि तो बाजूला होतो. खो-खोत तसे होत नाही. खो देणारा रांगेत बसतो. त्याची पाठ आता दुसऱ्या कोणाच्या तरी हाताची वाट पाहत असते. थोड्याच वेळात तो पुन्हा उठेल. म्हणजे खो देणे हा निरोप नव्हे आणि निवृत्तीही नव्हे. ‘माझ्याच्याने आता या दिशेने होत नाही, तुझी दिशा बरोबर आहे, तू ऊठ’ अशी ती स्वच्छ कबुली आहे, आणि ‘मी येथेच आहे’ असे आश्वासनही आहे. हे दोन्ही भाव एका अक्षरात सामावणारा दुसरा शब्द आम्हांस ठाऊक नाही.

या शब्दाचे एक भाग्यही नोंदवले पाहिजे. खेळ नियमबद्ध झाले तेव्हा त्यांच्या परिभाषेचे संस्कृतीकरण झाले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोच्या नियमांना आकार देण्याचे काम हाती घेतले. बडोद्याने तर व्यायामविषयाला स्वतंत्र ज्ञानकोशच दिला. १९३६ ते १९४९ या काळात व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड तेथून प्रसिद्ध झाले. पाठलाग करणारा ‘आक्रमक’ झाला, पळणारा ‘संरक्षक’ झाला. वृत्तान्तलेखनात हे शब्द आज स्थिर आहेत. परंतु ‘खो’ला प्रतिशब्द शोधावा असे कोणास वाटले नाही, आणि शोधला असता तरी तो धावत्या गड्याच्या तोंडी टिकला नसता. पुढे इंग्रजीची लाट आली. २०२२ साली व्यावसायिक स्वरूपाची स्पर्धा सुरू झाली तेव्हा ‘स्काय डाइव्ह’, ‘पोल डाइव्ह’, ‘ड्रीम रन’ असे शब्द समालोचनात रुळले. पाठलाग करताना कोणत्याही दिशेने धावण्याची मोकळीक असणारा एक गडी नेमण्यात आला आणि त्याला बुद्धिबळातून ‘वजीर’ हे नाव मिळाले. या सगळ्या उलथापालथीत खो मात्र जेथल्या तेथे राहिला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. तीत भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ नेपाळवर मात करून विजयी झाले, आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्रातील खेळाडूंकडे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे यांच्याकडे होते. त्या स्पर्धेत युरोप-आफ्रिकेतील खेळाडूंनीही खो हा ‘खो’ म्हणूनच दिला. आपली भाषा परक्या मुलखात जाईल की नाही याची आपण चिंता करीत असताना हे एक अक्षर मुकाट्याने तेथे जाऊन पोहोचले आहे.

तरीही चिंतेचे कारण आहे आणि ते महाराष्ट्राबाहेरील मराठी वस्त्यांना अधिक जाणवेल. इंदूर किंवा ग्वाल्हेर येथील मराठी मूल दोन भाषांच्या मध्ये वाढते. घरी मराठी, शाळेत आणि रस्त्यावर हिंदी. हिंदीत ‘खोना’ म्हणजे हरवणे आणि ‘खो देना’ म्हणजे गमावून बसणे. मराठीत ‘खो देणे’ म्हणजे सोपवणे. ध्वनी जवळजवळ एकच, अर्थ मात्र भिन्न. एका भाषेत वस्तू आपल्या हातून जाते आणि कोणालाच मिळत नाही, दुसऱ्या भाषेत ती आपल्या हातून जाते आणि आपल्याच माणसाला मिळते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या दोन शब्दांत नाते जोडण्याचा आमचा मुळीच विचार नाही. परंतु त्या मुलाच्या कानावर दोन्ही शब्द पडतात आणि ज्या भाषेचा व्यवहार मोठा, तिचा अर्थ मनात आधी उभा राहतो. अशा वेळी मराठीचा अध्यापक नुसता कोशातला अर्थ फळ्यावर लिहून थांबला, तर तो अर्थ फळ्यावरच राहील. हा शब्द मैदानात शिकवावा लागतो. मूल पाटीवर बसले, पाठीवर हात पडला, कानावर आवाज आला आणि ते उठून धावले, म्हणजे ‘देणे’ आणि ‘गमावणे’ यांतील भेद त्याला पुन्हा समजावून सांगावा लागत नाही. बेळगाव, हैदराबाद, बडोदा येथे शेजारच्या भाषा निराळ्या आहेत, तरी अध्यापकासमोरील प्रश्न हाच आहे.

निबंध तपासणाऱ्या अध्यापकांना आमची विनंती इतकीच आहे, की विद्यार्थ्याने ‘खो’ हा शब्द वापरला तर त्याच्या सोबतचे क्रियापद आणि चतुर्थी पाहावी. कार्याला खो घातला असेल तर ते रूढ व शुद्ध आहे. फक्त कार्य चालते होते की नव्हते, हे विचारावे. कार्य सुरूच झाले नसेल, तर तेथे खोडा किंवा आडकाठी अधिक योग्य. माणसाला खो दिला असेल तर देणारा पुढे काय करतो हे विचारावे. तो बसला असेल तर प्रयोग बरोबर आहे. तो अंग काढून निघून गेला असेल तर तेथे टोलवाटोलवी लिहावी. अशी एक-दोन उदाहरणे वर्गात सोडवून घेतली, तर लक्षणेवरील व्याख्यानापेक्षा मुलांना लक्षणा अधिक कळेल.

आता साहित्यसंस्थांविषयी दोन शब्द. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडील मराठी संस्थांपैकी कित्येकांची वये मोठी आहेत. कित्येकांनी शंभरी पार केली आहे. त्यांच्या वार्षिक सभांत ‘तरुण येत नाहीत’ हे वाक्य दर वर्षी ऐकू येते. खो या शब्दाच्या अटी येथे लावून पाहिल्यास त्या वाक्याचा विचार थोडा निराळा करावा लागेल. बसलेला गडी खो मिळाल्यावाचून उठू शकत नाही, हा खेळाचा नियम आहे. तेव्हा तरुण उठत नाहीत असे म्हणण्यापूर्वी आपण त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता काय, आणि आपला आवाज त्यांच्या कानी जाईल इतका स्पष्ट होता काय, हे पाहावयास हवे. निमंत्रणपत्रिकेतील एक औपचारिक ओळ म्हणजे खो नव्हे. त्यात स्पर्श नाही. तसेच, तरुणाला कार्यवाहपद देऊन प्रत्येक ठरावावर आपणच बोलत राहणे म्हणजेही खो नव्हे. त्यात देणारा बसलेला नाही. आणि पद सोडल्यावर संस्थेचा उंबराही न चढणे हाही खो नव्हे. त्यात देणारा रांगेत राहिलेला नाही.

आणखी एक अट राहिली. उठलेल्या गड्याला त्याची दिशा त्याच्या खांद्याच्या वळणावरून मिळते. खो देणारा आपली दिशा त्याच्यावर लादू शकत नाही. शेजारी बसलेल्यांची तोंडेही मुळातच विरुद्ध बाजूंना असतात, कारण पळणारा कोणत्या बाजूने येईल हे आधी ठाऊक नसते. नवे लेखक जुन्या वृत्तांत लिहीत नाहीत, त्यांच्या गद्यात हिंदी-कानडी-गुजरातीचे शब्द येतात, त्यांना आमचे आवडते ग्रंथकार ठाऊक नाहीत, अशा तक्रारी करताना हे ध्यानी धरावे. ते दुसऱ्या दिशेला तोंड करून बसले आहेत, म्हणूनच त्यांना खो देण्यात अर्थ आहे. आपल्याच दिशेला धावणारा गडी हवा असेल तर आपणच धावत राहिलेले काय वाईट?

शब्दांचे अर्थ सभेच्या ठरावांनी टिकत नाहीत. ते वापरणाऱ्यांच्या आचरणाने टिकतात. ‘खो घालणे’ हा वाक्प्रचार टिकेल याविषयी आम्हांस शंका नाही, कारण जगात विघ्नांची वाण नाही. ‘खो देणे’ हा प्रयोग टिकवायचा असेल तर तो देणारे आणि देऊन बसणारे लोक हवेत. येत्या वार्षिक सभेपूर्वी प्रत्येक संस्थेने आपल्या कार्यकारिणीची यादी या एका दृष्टीने वाचून पाहावी, एवढीच सूचना करून हा अर्थविचार आम्ही येथे पुरा करतो.